सल्लागार म्हणजे विभागप्रमुखच

३ मार्च, सोमवार. सकाळी पावणेनऊ.

आजपासून लिहून ठेवायचं ठरवलं आहे. मोठ्या माणसाने स्वतः लिहून ठेवलं नाही की मागाहून लोक त्याच्याबद्दल अंदाजपंचे लिहितात.

निमित्तही तसंच आहे. नदीपलीकडच्या मोठ्या हॉस्पिटलने जाहिरात दिली आहे. फॅमिली मेडिसिन विभाग नव्याने सुरू होतोय, त्यासाठी एक सल्लागार डॉक्टर पाहिजे. एक! एकच माणूस असलेल्या विभागात सल्लागार म्हणजे विभागप्रमुखच.

जाहिरात साडूने पाठवली. साडू त्याच हॉस्पिटलात हृदयाचा तज्ज्ञ. हृदय म्हणजे मुठीएवढा अवयव. माणूस पंचवीस वर्षं एका मुठीवर काढतो आणि जग त्याला मोठा डॉक्टर म्हणतं. मी अख्खा माणूस बघतो, तर मी सर्दी-खोकल्याचा डॉक्टर. जाहिरातीखाली त्याने लिहिलं होतं, बघा जमत असेल तर. जमत असेल तर! उत्तर दिलं नाही. साधा अंगठासुद्धा पाठवला नाही.

दुपारी दीड.

ठराव: अर्जाची घाई करायची नाही. गरज त्यांना आहे. निदान पंधरा दिवस ताटकळू द्यायचं.

४ मार्च, मंगळवार.

अर्ज केला. लोकांना ताटकळत ठेवणं हा कोतेपणा झाला.

मंगळवार म्हणून पोस्टमास्तर उगवला. हा निवृत्त पोस्टमास्तर, सत्तरीचा, एकटा राहतो, दर मंगळवारी साडेदहाच्या ठोक्याला माझ्या दवाखान्यात. तक्रार आठ महिने तीच. थकवा येतो, जिना चढताना दम लागतो. म्हटलं, अहो, सत्तरीत जिना चढताना दम लागणार नाही तर काय पंख फुटणार? हसला बिचारा. गुडघ्याची गोळी पुढे चालू ठेवली, टॉनिक बदललं. लाल होतं, हिरवं दिलं. दोन मिनिटं चाळीस सेकंद. एवढ्या वेळात साडूचा पेशंट अजून फॉर्मवर स्वतःचं नाव लिहीत असतो.

या माणसाला काही झालेलं नाही. त्याला श्रोता पाहिजे. जन्मभर दुसऱ्यांची पत्रं पोचवली, आता स्वतःचा मजकूर पोचवायला कोणी मिळत नाही. मी दवाखाना चालवतो, पोस्ट ऑफिस नाही.

११ मार्च.

मुलाखतीचं पत्र आलं. १७ एप्रिल, दुपारी तीन. वीस मिनिटांचं प्रेझेंटेशन द्यायचं आहे. विषय: मोठ्या शहरांत फॅमिली डॉक्टरांचं भवितव्य. माझ्यावरच बोलायचं आहे, तयारी कसली?

ही म्हणाली, तरी तयारी करा, उलट प्रश्न विचारतील. ही शाळेत गणित शिकवते. त्यामुळे तिला आयुष्यात सगळीकडे उत्तर पडताळून बघायची खोड. म्हटलं, मला प्रश्न विचारायची त्यांची लायकी असती तर त्यांनी जाहिरात कशाला दिली असती? ती वह्या तपासत बसली.

१३ मार्च.

तरी प्रेझेंटेशन भव्य झालं पाहिजे. सकाळचा वेळ घरी लागेल. महिनाभर सकाळी दवाखान्यात बदली डॉक्टर बसवावा. संध्याकाळी मी आहेच.

१७ मार्च, सोमवार.

बदली डॉक्टर मिळाली. तिशीच्या आतली, जाड भिंगांचा चष्मा. हिच्याकडे म्हणे फॅमिली मेडिसिनची पदव्युत्तर पदवी आहे. तीन वर्षांचा कोर्स! मी जे खुर्चीत बसल्या बसल्या शिकलो ते हिने परीक्षा देऊन शिकलं. पोहायला शिकवणाऱ्या पुस्तकावर पदवी मिळाल्यासारखं आहे.

नियम सांगितले. एका पेशंटला पाच मिनिटं. जुने कागद बघायचे आणि 'पुढे चालू' लिहायचं. नवीन काही शोधायला जायचं नाही. शोधलं की सापडतं, आणि सापडलं की निस्तरावं लागतं. बरं सर, म्हणाली. विनयशील आहे. डोकं यथातथाच असणार.

२० मार्च.

स्लाइड क्रमांक ११ पर्यंत आलो. ११ व्या स्लाइडवर सूर्योदय टाकला आहे.

आमच्या काउंटरवरच्या बाईंचा फोन. चौदा वर्षं आहेत, चौदा वर्षं कुरकुरतायत. म्हणाल्या, डॉक्टर, या मॅडम एकेकाला वीस वीस मिनिटं घेतात, लोक जिन्यात बसलेत. म्हटलं, लोक उठून जातील तेव्हा शहाणी होईल. बाई म्हणाल्या, तेच तर, कोणी उठून जात नाही.

संध्याकाळी मी बसलो. चार पेशंट. उन्हाळा असल्यामुळे.

२५ मार्च, मंगळवार. दुपारी बारा.

स्लाइड १९ चालू असताना चष्मेवालीचा फोन. आवाज घाबरा नाही, पण घट्ट. सर, पोस्टमास्तरांना आजच हॉस्पिटलला पाठवायचं आहे. म्हटलं, काय झालं, जिना फार उंच वाटला?

तर हिने त्या माणसाला पस्तीस मिनिटं बसवून घेतलं होतं. दिवसभर काय करता असं विचारलं. डॉक्टरने विचारायचा प्रश्न आहे का हा? तो म्हणाला, वाचनालयात चालत जातो. वाटेत बसावं लागतं का, हे विचारलं. पूर्वी कुठेच बसत नसे, आता दोन बाकांवर बसतो. मग हिने पापणी खाली ओढून बघितली, आतून कागदासारखी पांढरी. मग शौचाचा रंग विचारला. दोन महिने डांबरासारखा काळा. मग म्हणाली, सर, ते गुडघ्याची गोळी तीन वर्षं रोज घेतायत, रिकाम्या पोटी.

म्हटलं, वय आहे. म्हणाली, सर, पाठवते. मी तिला स्पष्ट बजावलं की पाठवायचं तर माझ्या लेटरहेडवर पाठवायचं. शिस्त म्हणजे शिस्त.

२७ मार्च.

साडूचा फोन. पोस्टमास्तरचं हिमोग्लोबिन साडेसहा. गोळीने पोटात अल्सर झाला होता, त्यातून थेंब थेंब रक्त जात होतं. दुर्बीण घालून बंद केला, दोन बाटल्या रक्त चढवलं. आणखी पंधरा दिवस गेले असते तर घरातच कोसळून राहिले असते, एकटा माणूस, कोणाला कळलंही नसतं, असं म्हणाला. वर म्हणाला, तुमच्या दवाखान्याने वेळेवर पकडलं हं.

माझ्या दवाखान्याने. शब्द नीट लिहून ठेवतो.

गोळीबद्दल: ती मी दहा दिवसांसाठीच लिहिली होती. तीन वर्षांपूर्वी. नंतर दर महिन्याला 'पुढे चालू' लिहिलं ते केवळ रीत म्हणून. पुढे किती चालू ठेवायचं हे ज्याचं त्याला कळायला नको? पोस्ट खातं सांभाळलेला माणूस.

२८ मार्च.

स्लाइड २७ नव्याने घातली. शीर्षक: 'एक जीव वाचतो'. पार्श्वभूमीला समई टाकली होती, ही म्हणाली ती श्रद्धांजलीसारखी दिसते. काढली.

५ एप्रिल.

बत्तीस स्लाइड पूर्ण. हिला बसवून सगळं वाचून दाखवलं. पंचावन्न मिनिटं लागली. ही म्हणाली, वीस मिनिटं दिलीत ना त्यांनी? म्हटलं, ऐकताना त्यांना वेळेचं भान राहणार नाही. म्हणाली, मला राहिलं.

साडू सुचवत होता की मुलाखतीआधी एकदा विभागात भेटून जा, ओळख करून देतो. म्हटलं, नको. पिकतं तिथे विकत नाही, पण माझं पीक विकत घ्यायला बाजार चालत येतो. हे वाक्य चांगलं झालं. स्लाइड ३३ करावी का?

१० एप्रिल.

चष्मेवालीने १७ तारखेची सकाळ सुट्टी मागितली. दाढ काढायची असेल. उदार मनाने दिली. तसाही त्या दिवशी मी महत्त्वाच्या कामात आहे, दवाखाना बंदच ठेवू. कुठलं काम ते तिला सांगितलं नाही. या वयाच्या मुलींना मत्सर लवकर होतो.

१७ एप्रिल, गुरुवार. संध्याकाळी सहा.

झाली. जवळपास निवडच झाली.

पावणेतीनला पोचलो. लिफ्टमधून कोण बाहेर यावं? चष्मेवाली. इस्त्रीचे कपडे, हातात फाइल. मला बघून दचकली. सर, तुम्हीही का, म्हणाली. म्हटलं, हो, मीही. मग एकदम म्हणाली, ऑल द बेस्ट सर. पोस्टमास्तरला भेटायला आली असणार. तो तर केव्हाच घरी गेला. काही काही लोकांचं कामात लक्ष नसतं ते असं.

समोर तिघं. मधोमध हॉस्पिटलच्या संचालिका बाई, डावीकडे नोकरभरतीचा एक टायवाला, उजवीकडे पोटाचा तज्ज्ञ. पुन्हा एक अवयव!

चौथ्या स्लाइडला संचालिका बाईंनी हात वर केला. म्हणाल्या, हे राहू द्या, तुमच्या एखाद्या पेशंटबद्दल सांगा ना. मी थेट २७ वर उडी घेतली. पोस्टमास्तरची हकिकत रंगवून सांगितली. पापणी मी ओढली, रंग मी विचारला, पत्र मी दिलं. प्रमुखाच्या हाताखाली जे होतं ते प्रमुखानेच केलेलं असतं, जगरहाटी आहे. तिघांनी एकमेकांकडे बघितलं. भारावले होते.

पोटवाला म्हणाला, ती दुर्बीण मीच घातली होती. तुमच्या पत्रात बाकांचं काहीतरी होतं, काय होतं ते? आता बाकांचा आणि पोटाचा काय संबंध, असं मी हसत म्हटलं. कोणी हसलं नाही. तज्ज्ञांना विनोद कळत नाही, आणि अवयवाबाहेरचा तर मुळीच नाही.

मग त्याने विचारलं, तीन वर्षं ती गोळी त्यांना कोणी लिहून दिली होती?

म्हटलं, असतात हो असे डॉक्टर. मान वर न करता लिहून देतात. त्यांच्यामुळेच आमचा पेशा बदनाम झालाय.

संचालिका बाई मान खाली घालून कागदावर काही लिहू लागल्या. माझं वाक्य जसंच्या तसं उतरवून घेत असाव्यात. एकूण अकरा मिनिटांत आटोपलं. निर्णय झालेला असला की वेळ लागत नाही.

२१ एप्रिल.

घरच्या दारावर नवी पाटी लावावी लागेल. कारागिराकडे जाऊन अक्षरं ठरवून आलो. 'विभागप्रमुख' हा शब्द नावापेक्षा थोडा मोठा. न्हाव्याला, इस्त्रीवाल्याला आणि खालच्या मजल्यावरच्या वकिलाला सांगून टाकलं. वकील म्हणाला, पत्र हातात आलं का? वकिलांना कागदाशिवाय काही खरं वाटत नाही, आणि कागदावरचं तर त्याहून नाही.

दवाखान्याचं काय करावं? चष्मेवालीला चालवायला द्यावा. माझं नाव वर, ती खाली. तिचं आयुष्य मार्गी लागेल. आजकाल या मुलांना मोठ्या शहरात विचारतो कोण?

२४ एप्रिल.

हॉस्पिटलचा ईमेल. 'आपण दाखवलेल्या रसाबद्दल आभारी आहोत. या पदासाठी अन्य उमेदवाराची निवड करण्यात आली आहे.'

चुकून माझ्या पत्त्यावर आलाय. फोन लावला. बारा मिनिटं संगीत ऐकवलं, मग आपोआप कट. एवढं हॉस्पिटल, आणि साधा फोन सांभाळता येत नाही. यांना माझी किती गरज आहे ते यावरून दिसतं.

२५ एप्रिल, शुक्रवार.

मी दवाखान्यात पोचलो तेव्हा चष्मेवाली खुर्चीत नव्हती, उभी होती. सर, माझी तिकडे निवड झाली, म्हणाली. तुम्हाला आधी सांगायला हवं होतं, पण तुम्हीपण अर्ज केलाय हे मला लिफ्टपाशी कळलं. चष्म्याच्या काचा पुसत होती. त्या स्वच्छच होत्या.

म्हटलं, छान, अभिनंदन. वर सांगितलं की मी त्यांना स्वतःहून नकार कळवला होता. हो का सर, म्हणाली. विश्वास बसलेला दिसला. अनुभव नसला की माणूस भाबडा राहतो.

संध्याकाळी पाटीवाल्याकडे गेलो. नुसता 'विभाग' कोरून झाला होता. म्हणाला, पुढे काय करू? म्हटलं, थांबा.

२७ एप्रिल, रविवार.

साडूकडे जेवायला. मी जाणार नव्हतो, पण बहिणीबहिणींचं आधीच ठरलेलं. जेवणानंतर साडू मला गॅलरीत घेऊन गेला. मोठेपणा मिरवायला गॅलरी लागते त्याला.

म्हणाला, रागावू नका, पण ते पत्र कोणी लिहिलं ते त्यांना ठाऊक होतं. खाली तिची सही होती. आणि त्याच दिवशी तुमच्या आधी तिलाही विचारलं होतं, गोळी कोणी दिली म्हणून. मी विचारलं, मग? साडू म्हणाला, तिने कोणाचं नाव घेतलं नाही. म्हणाली, अशी गोळी कोणाच्याही हातून चालू राहते. आमच्या सरांनी मला पेशंटजवळ हवा तेवढा वेळ बसू दिलं, म्हणून सापडलं.

मग माझ्याकडे बघून म्हणाला, तुम्ही दिला होता ना वेळ?

म्हटलं, दिला होता.

ही मागे दारात उभी होती. किती वेळ उभी होती माहीत नाही. घरी येताना बसमध्ये खिडकीबाहेर बघत होती. मी दोनदा विषय काढला. दोन्ही वेळा म्हणाली, आपला स्टॉप यायचाय अजून.

३० एप्रिल.

चष्मेवालीचा शेवटचा दिवस. जिन्यापासून रस्त्यापर्यंत माणसं. कोणी फुलं आणलेली, कोणी घरचे पेरू. एक बाई रडली. सांधेदुखीवाली आहे, ती एरवीही रडते. मी शेजारी उभा होतो तर एकाने मला बाजूला व्हायला सांगितलं, फोटोत येत होतो.

जाताना माझ्या पाया पडायला वाकली. म्हटलं, राहू दे. वर म्हटलं, पाच मिनिटांचा नियम पाळत जा. बरं सर, म्हणाली.

२ मे.

सकाळी पाच पेशंट. तिघांनी दारातूनच विचारलं, मॅडम नाहीत का? एक आत आला तो वजन करायला. दुपारी काउंटरवरच्या बाईंनी स्वेटर विणायला काढला. मे महिन्यात.

हे टिकायचं नाही. नव्याचे नऊ दिवस. महिनाभरात सगळे परत येतील, तोंड वेंगाडत.

५ मे.

ठराव: उद्या पोस्टमास्तर येईल. त्याला पंचवीस मिनिटं द्यायची. पस्तीस. आणि बाईंनी हे सगळ्यांना सांगायचं.

६ मे, मंगळवार. दुपारी.

आला. साडेदहाला. जिना न थांबता चढला, बाईंनी पायांचा आवाज मोजला होता. गालावर रंग. मी त्याला बसवलं, घड्याळ काढून ठेवलं, दिवसभर काय करता असं विचारलं. म्हणाला, डॉक्टर, मी बसायला नाही आलो, माझं जुनं कार्ड घेऊन जायचंय, मॅडमनी तिकडे मागितलंय. म्हटलं, बसा तरी. पाच मिनिटं बसला.

उठताना दार थोडं लोटून घेतलं, आणि खालच्या आवाजात म्हणाला, ती गोळी तुमची होती हे मी तिकडे कोणाला बोललो नाही हं. तुमचा शिक्का दिसेल म्हणून सगळे कागद घरीच ठेवले होते. वाईट वाटून घेऊ नका. चुकीच्या पत्त्यावर टपाल माझ्याही हातून गेलंय.

मला उत्तर द्यायचं होतं. रीत म्हणून, पोस्ट खातं, ज्याचं त्याला कळायला नको का, सगळं तयार होतं. तोंडातून निघालं, जिना सांभाळून उतरा.

तो गेल्यावर बाईंना सगळी जुनी कार्डं काढायला लावली. जमिनीवर मांडली. बाई आणि मी, दोघंही खाली बसून. तीच गोळी, तेच 'पुढे चालू', माझ्याच अक्षरात. अकरा निघाली. त्यातले चौघे साठीच्या वरचे.

बाईंना म्हटलं, एकेकाला फोन लावा, गोळी आजच बंद करायची आणि तपासायला यायचं. बाईंनी दोन लावले. दोन्हीकडून सांगितलं, बघू, सवड झाली की. म्हटलं, द्या इकडे.

तिसरा मी लावला. सांधेदुखीवालीचा नंबर होता. म्हटलं, दवाखान्यातून बोलतोय, डॉक्टरांनी तुम्हाला आजच बोलावलंय, अर्जंट आहे. ती म्हणाली, कोणत्या डॉक्टरांनी? मॅडमनी का? मग लगेच निघते.

बाई माझ्याकडे बघत होत्या.

म्हटलं, हो. मॅडमनीच.

आणखी आठ फोन होते. आठही जणांना तेच सांगितलं.